रोजच्या गाडीत परफॉर्मन्स क्लच: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. रिमॅप केलेली (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवलेली) स्विफ्ट डिझेल आहे, एमएच ०९ पासिंग, रोज राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि परत. तिचा गिअरबॉक्स आत्तापर्यंत तीनदा खाली उतरलाय: एकदा माझ्या हौसेनं, एकदा दुसऱ्याच्या आळसानं आणि एकदा मला अक्कल आल्यावर. त्यामुळं क्लचचा विषय निघाला की पोरं मलाच मेसेज टाकतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्नांना नंबर दिलेत, उत्तरात दुसऱ्या नंबरचा उल्लेख आला तर तिकडं बघा, परत परत तेच लिहायचा कंटाळा येतो.

१. परफॉर्मन्स क्लच म्हणजे नक्की काय दादा? कंपनीच्या क्लचपेक्षा त्यात वेगळं काय असतं?

इंजिनच्या क्रँकला (फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) फ्लायव्हील (जड चाक) बोल्टनं बसलेला असतो, त्याला चिकटून क्लचप्लेट आणि तिच्यावर प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग मधल्या क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते, तुम्ही पेडल दाबलं की ती चिमटी सुटते, एवढाच खेळ आहे. हा क्लच किती टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर, पेलणार हे चार गोष्टींवर ठरतं: चिमटीचा जोर, प्लेटच्या मटेरियलची पकड, प्लेटचा व्यास आणि घासणाऱ्या बाजू किती.

व्यास वाढवायला बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कव्हरमध्ये) बहुतेक गाड्यांत जागाच नसते. मग राहिलं काय, जोर वाढवा नाहीतर मटेरियल बदला. असं करून जास्त टॉर्क पेलणारा केलेला तो परफॉर्मन्स क्लच. जोर वाढवला की तुमचा पाय बोलतो आणि मटेरियल बदललं की गाडी धक्के मारून बोलते. दोन प्लेटांचा ट्विन डिस्क सेट पण येतो, त्यात दोनाऐवजी चार बाजू घासतात म्हणून तेवढ्याच जोरात दुप्पट टॉर्क पेलतो, पण त्याची किंमत ऐकून आपल्यातले बरेच जण परत कंपनीच्या सेटवर येतात.

२. मी फक्त रिमॅप केलाय, बाकी गाडी स्टॉक. क्लच बदलावाच लागेल का?

लागेलच असं नाही. कंपनी थोडा वाव ठेवूनच क्लच देते आणि प्लेट नवी असेल तर हलका रिमॅप बऱ्याचदा सहज पेलते. अडचण होते ती साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या प्लेटवर रिमॅप टाकल्यावर. डिझेलमध्ये तर जास्तच, कारण टॉर्क सगळा खालीच येतो, दोन हजार आरपीएमच्या आसपास टर्बो जागा झाला की एकदम धप्पकन.

टेस्ट सोपी आहे. सकाळी लवकर रिकामा सरळ रस्ता बघा, इंजिन गरम पाहिजे, चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. दोन्ही काटे जोडीनं चढले तर क्लच ठणठणीत. आरपीएमचा काटा एकटाच वर पळाला आणि स्पीड तिथल्या तिथं, तर घसरतोय. ही टेस्ट एकदा-दोनदाच करायची, मित्रांना दाखवायला दहा वेळा केली तर चांगली प्लेट पण घसरायला लागेल. आणि घसरत असेल तर लगेच मोठा क्लच मागवू नका, आधी प्लेटवर तेल तर येत नाही ना बघा, ते १४ मध्ये लिहिलंय.

३. स्टेज १, स्टेज २, स्टेज ३ यातला कुठला घेऊ?

स्टेज हा शब्द विसरा. त्याचं काही सरकारी प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, एकाचा स्टेज २ म्हणजे दुसऱ्याचा स्टेज १ असू शकतो. विचारायचं ते एवढंच की हा सेट किती न्यूटन मीटर पेलतो आणि प्लेट कशाची आहे.

मग आपला हिशोब करा. स्विफ्ट डिझेलचा कंपनीचा आकडा १९० न्यूटन मीटर. समजा रिमॅपनंतर २४० झाला, तर त्यावर वीस-पंचवीस टक्के वाव धरून २९०-३०० पेलणारा सेट पुरे झाला. पुढं कधीतरी मोठा टर्बो टाकणार म्हणून आत्ताच ४५० चा सेट घालणारे लय बघितलेत, टर्बो काय येत नाही आणि तोपर्यंत दोन वर्षं पाय मात्र भोगतोय. मी पण त्यातलाच होतो.

एक गफलत नेहमी होते. डायनोवरून (गाडीची ताकद मोजायच्या मशीनवरून) जो आकडा मिळतो तो बऱ्याचदा चाकावरचा असतो, मधे गिअरबॉक्स आणि ड्राइव्हलाइनमध्ये थोडा टॉर्क खाल्ला जातो. क्लचवर लिहिलेला आकडा बहुतेकदा इंजिनच्या बाजूचा असतो. दोन्हीची सरळ तुलना केली की वाव कागदावर जास्त दिसतो आणि खरा कमी निघतो.

४. ऑरगॅनिक, केवलार, सिरॅमिक… रोजच्या गाडीला काय बरं?

माझं मत विचाराल तर ऑरगॅनिक, पूर्ण गोल प्लेट, आणि सोबत जास्त जोराची प्रेशर प्लेट. दहातल्या आठ-नऊ जणांना एवढंच लागतं.

ऑरगॅनिक म्हणजे कंपनीत येतं त्याच जातीचं मटेरियल, फक्त दर्जा वरचा. हळू पकडतं, पायाला कळतं कुठं पकडतंय ते, पण लय तापलं की पकड सोडतं. केवलार टिकाऊ आणि मऊ, पण त्याला ब्रेक-इन (नवीन प्लेट सुरुवातीला सांभाळून वापरणं, ११ बघा) नीट लागतं आणि एकदा जास्त तापवून पृष्ठभाग काचेसारखा झाला की पूर्वीची पकड परत येणं अवघड. सिरॅमिकच्या प्लेटवर पूर्ण गोल अस्तर नसतं, तीन, चार किंवा सहा बटणं असतात. तापमान जबरदस्त सहन करतं, पकड पण जास्त, पण मधलं काही नाही, एकतर सुटलेलं नाहीतर पकडलेलं. ट्रॅकवर ते बरोबर आहे. बिंदू चौकात गणपतीच्या आठवड्यात ते बरोबर नाही.

अजून एक बघायचं, प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा आहेत का. असतात ती स्प्रंग हब. नुसता पत्रा असेल तर ती सॉलिड हब, रोजच्या गाडीत आणि त्यातून डिझेलमध्ये तिच्या वाटेला जाऊ नका, सगळे हादरे थेट गिअरबॉक्सला जातात.

५. ट्रॅक्टरला सिरॅमिक बटण प्लेट असतेच की. उद्यमनगरात माझ्या जुन्या प्लेटला तशीच बटणं रिव्हेट मारून घेऊ का? स्वस्तात होतंय.

ट्रॅक्टरला असते हे खरं आहे, दोन ट्रॉल्या ऊस भरून चढावर सुटायचं म्हणजे तसलंच लागतं. पण ट्रॅक्टर कितीवर फिरतो आणि तुमचं इंजिन कितीवर, हा विचार करा. तुमची प्लेट साडेचार हजार आरपीएमला फिरते, पेट्रोल असेल तर सहा-साडेसहा हजार. एका बटणाचं वजन थोडं जरी इकडंतिकडं झालं तर बॅलन्स गेला, आणि रिव्हेट सुटलं तर ते बटण बेलहाउसिंगमध्ये गोळीसारखं फिरणार. अस्तर बदलून देणारे कारागीर आपल्याकडं हुशार आहेत, ट्रक-ट्रॅक्टरसाठी डोळे झाकून द्या, जोरात फिरणाऱ्या कारच्या प्लेटला हा प्रयोग नको.

६. पेडल किती जड होईल? डावा गुडघा आत्ताच दुखतोय.

प्रेशर प्लेटचा जोर जेवढा वाढवला तेवढं साधारण पेडल जड होतं, पण अगदी त्याच प्रमाणात नाही. चांगल्या बनावटीच्या सेटमध्ये डायफ्रामची भूमिती अशी असते की जोर वाढूनही पायाला कमी जाणवतं. म्हणून विकत घ्यायच्या आधी ज्याच्याकडं तोच सेट आहे त्याची गाडी अर्धा तास चालवून बघा, दोन मिनिटं पार्किंगमध्ये नाही, अर्धा तास, आणि संध्याकाळी सहा वाजता.

गुडघ्याचं म्हणाल तर सीट दोन खाचा पुढं घ्या. पेडल पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडं रेसर स्टाइल म्हणून सीट मागं ढकलून पायाच्या टोकानं क्लच दाबतात आणि मग गुडघ्याला तेल लावत बसतात. पेडल हळूहळू जड होत चाललं असेल तर ते वेगळं, वायरवाला क्लच असेल तर वायर आतून गंजलेली असू शकते, नाहीतर प्रेशर प्लेट दाबणारं रिलीज बेअरिंग आणि त्याला ढकलणारा फोर्क यांची सरकायची जागा कोरडी पडलेली असते.

७. दाभोळकर कॉर्नर, सीबीएस, महाद्वार रोड असल्या ट्राफिकमध्ये चालवायचं कसं? आख्खा क्लच तिथंच संपतोय असं वाटतंय.

बरोबर वाटतंय, तिथंच संपतो. हायवेला क्लच झिजतच नाही, पूर्ण पकडलेला असतो, घासणार कोण? झिजतो तो अर्धवट दाबलेल्या पायानं.

तर दोन सवयी लावायच्या. पहिली, पुढची गाडी हलली की लगेच हलायचं नाही. एक गाडीभर जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये सुटा आणि क्लच पूर्ण सोडून आयडलवरच रांगा. डिझेल असेल तर आयडलवर आरामात जाते. मागचा हॉर्न मारेल, मारू दे. मधे रिक्षा घुसेल, घुसू दे, ती तशी पण घुसणारच आहे. दुसरी सवय, सिग्नलला न्यूट्रल करून पाय बाजूला. पेडल दाबून धरलं की रिलीज बेअरिंग फिरत राहतं आणि प्रेशर प्लेटचा सगळा जोर क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढं-मागं सरकू न देणाऱ्या चकतीवर) येतो. कंपनीच्या क्लचला हे चालून जातं, जड प्रेशर प्लेटला वर्षानुवर्षं हेच केलं तर क्रँकचा एंड प्ले (पुढं-मागं हलणं) वाढतो, आणि तो खर्च क्लचच्या खर्चाच्या कितीतरी पट आहे.

साखर कारखान्यांचा सीझन चालू झाला की उसाच्या ट्रॉलीमागं चालत्या माणसाच्या स्पीडनं जावं लागतं तेव्हा पण हेच, फक्त अंतर अजून जास्त ठेवा, ऊस पण पडतो वरनं.

८. पन्हाळ्याला रविवारी चढावर गाड्या थांबतात तेव्हा काय करू? गाडी मागं येते आणि क्लचवर धरली की वास येतो.

क्लचवर धरायचीच नाही. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर, क्लच पकडायच्या जागेवर आला की नाक किंचित वर उठतं, तेव्हा हँडब्रेक सोडा आणि लगेच क्लच पूर्ण सोडा. सिरॅमिकला हे जरा ठामपणे करावं लागतं, बाराशे-पंधराशे आरपीएम देऊन, घाबरत घाबरत केलं की बंद पडते. हँडब्रेक ढिला असेल तर परफॉर्मन्स क्लच नंतर, आधी तो घट्ट करून घ्या. जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी गाडी न्यायचं सोडूनच दिलंय, बसनं जातो.

घाटापेक्षा वाईट जागा सांगू? अपार्टमेंटचा बेसमेंट. रॅम्पवरून रिव्हर्स चढताना माणूस इंचाइंचानं क्लच घासत येतो. शक्य असेल तर आत जाताना रिव्हर्सनं उतरा, म्हणजे सकाळी तोंडानं वर येता येईल.

९. घरात आई आणि बायको पण हीच गाडी चालवतात. त्यांना जमेल का?

माझा पहिला सेट सिरॅमिकचा होता. बसवल्यावर चौथ्या दिवशी आई गाडी घेऊन भाजीला गेली. कावळा नाक्याला सिग्नल सुटल्यावर चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा सुटली ती अशी उडी मारून की मागच्या सीटवरची पिशवी खाली आणि टोमॅटो सगळे सीटखाली. घरी आल्यावर किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाळा, कार म्हणून दिलीस आणि आत ट्रॅक्टर घातलायस." नंतरचे आठ महिने ती रिक्षानं गेली. तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवला त्यामागं डायनो-बियनो काही नव्हतं, हे होतं.

आता ऑरगॅनिक प्लेट आणि जोराची प्रेशर प्लेट आहे. पेडल जरा जड आहे असं ती म्हणते, पण चालवते. तेव्हा घरात दुसरं कोण चालवत असेल तर सेट ठरवताना त्यांना विचारा, यूट्यूबला नाही.

१०. सुटताना गाडी थरथरते, आख्खा डॅशबोर्ड वाजतोय. क्लच खराब आला का?

सिरॅमिक असेल तर थोडी थरथर हा त्याचा स्वभाव आहे, थंड असताना जास्त. ऑरगॅनिक प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मधे बारीक लाटांचा पत्रा असतो, तो गादीसारखं काम करतो आणि पकड हळूहळू येते. बटणाच्या प्लेटमध्ये बहुतेकदा ती गादी नसते.

नवीन ऑरगॅनिक थरथरत असेल तर मात्र कारण शोधा: ब्रेक-इन अपुरं (११), फ्लायव्हील न घासता तसाच बसवला (१२), प्लेटवर ग्रीस किंवा तेल (१४), किंवा इंजिन माउंटिंग गेलंय. माउंटिंगवर कोणाचा संशयच जात नाही. बोनेट उघडून, शेजारी कोणाला तरी उभं करून, हँडब्रेक लावून आणि ब्रेक दाबून क्लच जरासा पकडू द्या. इंजिन जागेवरून भसकन उठलं तर क्लचला शिव्या घालू नका.

११. ब्रेक-इन करायलाच पाहिजे का? किती किलोमीटर?

पाहिजेच. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, आणि ते शहरातले. क्लच बसवून थेट पुण्याला जाऊन आलो, झालं ब्रेक-इन, असं म्हणणारे भेटतात. हायवेला क्लच पाच-दहा वेळा वापरला जातो, ब्रेक-इन होतं ते सुटण्या-थांबण्यातून. त्या काळात फुल थ्रॉटल नाही, उंच आरपीएमवरून क्लच सोडणं नाही, कोणाला ओढून नेणं नाही. रंकाळ्याला रोज संध्याकाळी चार चकरा मारा, तेवढीच हवा पण खाऊन होते. सेटबरोबर आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

१२. फ्लायव्हील घासून घ्यायलाच पाहिजे का? गॅरेजवाला म्हणतोय चांगला आहे, तसाच बसवू.

गॅरेजवाल्याचा अर्धा दिवस वाचतो म्हणून म्हणतोय. नवीन प्लेट जुन्या, खाचा पडलेल्या फ्लायव्हीलवर बसवणं म्हणजे नवे ब्रेक पॅड खड्डे पडलेल्या डिस्कवर घालण्यासारखं आहे.

माझा फ्लायव्हील मी स्वतः उद्यमनगरात घेऊन गेलो होतो. ग्राइंडिंगवाल्या मामांनी आधी चिंधीनं पुसला, मग अंगठ्याचं नख मधून बाहेर ओढलं, काही न बोलता. मग ट्यूबलाइटखाली तिरका धरून दाखवला, रुपयाएवढे निळे-काळे डाग, एकापुढं एक, आणि त्यांच्यात केसासारख्या बारीक भेगा. वर स्टीलची पट्टी उभी ठेवली आणि खालून फिलर गेजचं (फट मोजायच्या पट्ट्यांचं) पातं सरकवलं, मधे आरामात गेलं, कडेला अडकलं. म्हणाले, "हे डाग नुसतं वरनं गेलं म्हणजे गेलं न्हवं, बीड खाली कडक झालेलं असतंय. घासून सपाट दिसंल, पण चार महिन्यांनी तेवढीच जागा वर येणार आणि तुमची गाडी परत थरथरणार." म्हणून डाग पूर्ण जाईपर्यंत घ्यायचं, आणि कंपनीनं दिलेल्या कमीत कमी जाडीच्या खाली जात असेल तर नवीन आणायचा.

लेथवर न करता सरफेस ग्राइंडरवर करून घ्या, कारण कडक डागावर लेथचं टूल उडी मारतं आणि तिथं उंचवटा राहतो. काही फ्लायव्हीलना पायरी असते, म्हणजे प्लेट घासते ती जागा आणि प्रेशर प्लेट बोल्टनं बसते ती जागा वेगवेगळ्या उंचीवर. एक बाजू घासली की दुसरी पण तेवढीच घ्यायची, नाहीतर चिमटीचा जोरच बदलतो. घासून झाल्यावर ब्रेक क्लीनरनं धुवा, आणि नवीन प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो तो पण काढा. आणि हे सगळं साध्या, एकसंध फ्लायव्हीलसाठी. ड्युअल मास असेल तर त्याला हात लावू नका, पुढचा प्रश्न वाचा.

१३. ड्युअल मास काढून साधा घालू का? आणि हलका फ्लायव्हील घातला तर गाडी पळेल का?

ड्युअल मास म्हणजे दोन चकत्या आणि मधे स्प्रिंगा. डिझेलचे हादरे तो गिळतो. तो गेला की नवीन महाग पडतो म्हणून लोक साधा घालतात, चालतं, पण मग प्लेट स्प्रंग हबचीच पाहिजे आणि आयडलला न्यूट्रलमध्ये डब्यात नटबोल्ट हलवल्यासारखा आवाज येईल, क्लच दाबला की थांबेल. तो गिअर खडखडायचा आवाज आहे, मोडतोड नाही, पण रोज ऐकायला लागणार एवढं ध्यानात ठेवा.

हलक्यानं ताकद वाढत नाही, इंजिन आरपीएम पटकन चढतं आणि पटकन उतरतं. घाटात उतरत्या गिअरला मजा येते, सिग्नलला सुटताना बंद पडते. आणि हात जोडून सांगतो, कंपनीचा बिडाचा फ्लायव्हील लेथवर खरवडून हलका करू नका. बीड ताणाला कच्चं, हे आपल्या गावात कोणाला सांगायला नको, घरटी एक माणूस फाउंड्रीत आहे. जोरात फिरताना तो फुटला तर बेलहाउसिंग फोडून बाहेर येतो, आणि त्या रेषेत तुमचे पाय असतात. हलकाच पाहिजे तर फोर्ज्ड किंवा बिलेट स्टीलचा घ्या.

१४. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर अजून काय काय बदलून घेऊ?

रिलीज बेअरिंग, न विचारता. असेल त्या गाडीत पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून गिअरबॉक्सच्या दांड्याला आधार देणारं). क्रँकचं मागचं ऑइल सील आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील बघून घ्या, जरा जरी ओलं दिसलं तर बदला, कारण प्लेटवर तेल आलं की तीनशे न्यूटन मीटरची प्लेट पण घसरते आणि तेल प्यायलेली प्लेट धुऊन वाळवून सुधारत नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, ते नवीन.

माझ्याकडं दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरला तो यामुळंच. बिलात नवीन बेअरिंग होतं, दोन महिन्यांत पेडल दाबलं की शिट्टी वाजायला लागली, उघडून बघतोय तर जुनंच बेअरिंग पुसून बसवलेलं. गॅरेजचं नाव घेत नाही. तेव्हापासून जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगतो, आणि तुम्ही पण सांगा, लाजू नका.

बसवताना उभं राहता आलं तर तीन गोष्टी बघा. प्लेट उलटी जात नाही ना, फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे, टॉर्क रेंचनं. आणि स्प्लाइनला (दांड्यावरच्या खाचांना, ज्यांच्यावर प्लेट सरकते) ग्रीस अगदी बोटभर पुसून, जास्तीचं ग्रीस फिरताना उडून प्लेटवरच बसतं.

१५. क्लच दाबला की आवाज येतो. कधी दाबल्यावर येतो, कधी सोडल्यावर. काय समजायचं?

दाबल्यावर येतो, सोडल्यावर जातो, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पाय सोडलेला असताना येतो, दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, किंवा साधा फ्लायव्हील घातला असेल तर १३ मधला खडखडाट. ट्विन डिस्क सेट दाबल्यावर किणकिणतो, ते त्याचं नेहमीचंच.

१६. नवीन क्लच बसवल्यापासून रिव्हर्स टाकताना कर्र वाजतं, पहिला पण अडकतो. गिअरबॉक्स गेला का?

बहुतेक नाही. क्लच पूर्ण सुटत नाही एवढाच अर्थ. आधी पायाखाली बघा, चेष्टा नाही करत. ती जाड सेव्हन-डी मॅट पेडलच्या खाली येते आणि पेडल शेवटपर्यंत जातच नाही. मी एका मित्राकडं दोन तास घालवले आणि शेवटी मॅट काढल्यावर गाडी बरी झाली, त्यानं वडापाव दिला.

मॅट नसेल तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा, ती काढून घ्या. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांवर जुनं असेल तर बदला, ते हवेतला ओलावा ओढतं. जड प्रेशर प्लेट घातल्यावर जुन्या मास्टर (पेडलकडच्या) किंवा स्लेव्ह (गिअरबॉक्सकडच्या) सिलेंडरचं सील पण राम म्हणतं, कारण दाब वाढतो. वायर असेल तर फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) सेट करा. एवढं करून पण तसंच असेल तरच प्लेट उलटी बसली किंवा वाकली अशी शंका घ्या. खात्री करायची तर न्यूट्रलमध्ये क्लच दाबून पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही कर्र वाजलं तर प्लेट अजून फिरतेय.

१७. पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. आता क्लच दाबला तरी गिअरच पडत नाही.

२०१९ आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्लीकडच्या किती गाड्यांचं हे झालं. बेलहाउसिंगमध्ये पाणी जातं, गाडी आठवडाभर तशीच उभी, प्लेट आणि फ्लायव्हीलमधे गंज धरतो आणि दोन्ही चिकटून बसतात. सिरॅमिक आणि धातूच्या मटेरियलचं तर अजूनच पटकन.

आधी इंजिनात, गिअरबॉक्सच्या तेलात पाणी नाही याची खात्री करा, तोपर्यंत स्टार्टरला हात लावायचा नाही. तेल दुधाळ दिसलं की टो करून न्या. ते सगळं ठीक असेल आणि नुसती प्लेट चिकटली असेल तर इंजिन गरम करून, बंद करून, मोकळ्या मैदानात दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून स्टार्टर मारतात, गाडी हलते आणि दोन-चार हिसक्यांत प्लेट सुटते. समोर माणूस नको, भिंत नको. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवा, जास्त जबरदस्ती केली तर अस्तर उपटून येतं. सुटली तरी पुढचे काही दिवस थरथरेल, मग कमी होतं. आणि चिखल गेला असेल तर सुटली म्हणून खूश होऊ नका, तो गाळ बेअरिंग खातो.

दरवर्षीचा साधा नियम: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की गाडी उंचावर नेऊन लावायची, ४३ च्या धोका पातळीची वाट बघत बसायचं नाही.

१८. जळका वास आला. गेला का क्लच?

एकदा आला म्हणजे गेला असं नाही. गाडी बाजूला घ्या, न्यूट्रल, इंजिन चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग हळू चालवा. दुसऱ्या दिवशी २ मधली टेस्ट एकदा करा. घसरला नाही तर विसरून जा. वास वारंवार येत असेल तर एकतर सवय चुकतेय (७, ८) किंवा पेडलचा फ्री प्ले संपलाय आणि क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतोय.

१९. किती किलोमीटर टिकतो?

याचं एक उत्तर नाही. तोच सेट एकाचा लाखभर जातो आणि दुसऱ्याचा आठ महिन्यांत जातो, कारण दुसरा दर शनिवारी मित्रांना लाँच (उंच आरपीएमवरून क्लच सोडून सुसाट सुटणं) करून दाखवतो. दोन-तीन वेळा जोरात लाँच म्हणजे ट्राफिकमधले कित्येक महिने.

२०. आरटीओ, इन्शुरन्स, वॉरंटी याचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर क्लचची नोंद नसते, त्यामुळं नुसत्या क्लचवरून कोणी अडवल्याचं मी ऐकलं नाही. पण ज्याच्यासाठी क्लच बदलला तो रिमॅप आणि मोठा एक्झॉस्ट यांचं तसं नाही, आवाज आणि धूर यावरून दंड होतो. इन्शुरन्स कंपनीला मॉडिफिकेशन कळवलं नसेल तर क्लेमच्या वेळी तोंड वाकडं करतात, म्हणून पॉलिसीचा कागद वाचा. वॉरंटीतली गाडी असेल तर ती संपेपर्यंत थांबा, कंपनी क्लचप्लेटला झिजायचा पार्ट धरते आणि बाहेरचा सेट दिसला की गिअरबॉक्सचा क्लेम पण अडतो.

२१. माझी एएमटी आहे, मित्राची डीएसजी. आम्हाला पण हे लागू का?

एएमटीत साधाच क्लच असतो, पाय तुमच्याऐवजी मशीनचा. जड प्रेशर प्लेट घातली तर ते मशीन तेवढा जोर देईल असं नाही, आणि क्लच बदलल्यावर कॉम्प्युटरला पकडायची जागा परत शिकवावी लागते. मी तरी एएमटीत हे करणार नाही. डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. सात गिअरचा ड्राय (तेलात न बुडालेला) क्लचवाला डीएसजी २५० न्यूटन मीटरपर्यंतसाठी बनवलेला आहे, त्यामुळं तिथं रिमॅप करतानाच टॉर्कला लगाम घालायचा.

२२. गाडी विकताना सांगू का घेणाऱ्याला? का परत स्टॉक घालू?

सांगा, पहिल्या सिग्नलला त्याला कळणारच आहे. नुसतं पेडल जड असेल तर बरेच जण घेतात, सिरॅमिक असेल तर दोघांपैकी एक उठून जातो. परत स्टॉक घालायचा खर्च गिअरबॉक्सच्या मजुरीसकट धरा आणि मग ठरवा, बऱ्याचदा तेवढी किंमत कमी करून दिलेली परवडते. कंपनीची प्रेशर प्लेट आणि प्लेट चांगली निघाली असेल तर फेकू नका, तेलाचा हात फिरवून, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा. फक्त प्लेटच्या अस्तराला तेल लागू देऊ नका, तेल लोखंडालाच. माझा सेट माळ्यावर गणपतीच्या मखराशेजारी आहे, दरवर्षी मखर काढताना आई विचारते हे लोखंड कधी भंगारात घालतोस.